कोनाड्यावरची फळी

"एकदा हे बशिवलं ना साब, की आत काय होतं ते घरच्यांना बी आठवायचं न्हाई," मिस्त्री बाबांना सांगत होता.

मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यात पुस्तक उघडून बसले होते. वाचत नव्हते. मिस्त्री गुडघ्यावर बसून भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढत होता आणि त्याच्यामागे त्या नव्या फळ्या एकीला एक टेकून उभ्या होत्या. समोरून सागवान वाटायच्या. कडेने बघितलं की कळायचं, सागवान नुसता वरचा पापुद्रा. आत सगळा भुसा, चिकटवून दाबून बसवलेला.

दादाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती. तिथल्या मॅनेजरची केबिन अशाच फळ्यांनी मढवलेली होती. पार्टिकल बोर्ड, हा शब्द आमच्या घरात त्यानेच आणला. त्याचं लग्न ठरलं आणि मधली खोली नव्या जोडप्याला द्यायची असं झालं, तेव्हा त्याने हट्ट धरला की त्या खोलीच्या एका भिंतीला तरी बोर्ड लावायचाच. ती भिंत शेजारच्या घराची आणि आमची मिळून एकच होती, दगडमातीची. दर पावसाळ्यात तिचा चुना पोपडे धरून गळायचा. बाबा कोर्टात कारकून. त्यांना असल्या गोष्टींत रस नव्हता. पण दादाने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"लाकूडच लावा की मग," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. केमजवळच्या गावात तिचं सासर होतं. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि आई गेल्यावर घर तिच्या हाती आलं. "ह्यो कसला भुसा आनलाय? वास तर बगा. डोळ्यांतनं पानी यायलंय."

"अम्मा, लकडी पीसके फिर से लकडी बनाते," मिस्त्री हसत म्हणाला. "नवी चीज है. नाजूक काम. इसमें स्क्रू एकीच बार पकडता. एक बार निकाला, फिर तुम क्या बी करो, नै बैठता."

"म्हंजी सासरी गेल्याली लेक म्हना की," आत्या म्हणाली. मिस्त्री मोठ्याने हसला. बाबाही हसले असावेत. मी हसले नाही, कारण माझं लक्ष भिंतीतल्या कोनाड्याकडे होतं.

कोनाडा आईचा होता. खोल, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा, त्याला आईने दोन झापांचं छोटं दार लावून घेतलं होतं. रोज दुपारी ती त्याच्यासमोर बसून वेणी घालायची. आत तेलाची बाटली, लाकडी फणी, कुंकवाची डबी, आणि मागच्या बाजूला गुंतवळ. फणीला आलेले केस ती बोटावर गुंडाळून त्यांची गोळी करायची आणि आत सरकवायची. आमच्या गल्लीत केसांच्या बदल्यात सुया आणि मणी देणारी एक बाई येत असे. शेजारणी आपापली गुंतवळ तिला देऊन टाकत. आई देत नसे. शेवटच्या वर्षी, आजारात, तिचे केस मुठीमुठीने गेले. तेव्हाही ती ते नीट गुंडाळून आत ठेवायची. माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी. "ह्याचं गंगावन करून घेईन तुला," ती म्हणायची. "तुझ्या लग्नात वेणीला जोडू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या काळात ते दार कुणी उघडलं नव्हतं.

आदल्या दिवशी बाबा कोर्टातून आल्यावर माझ्याजवळ येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "कोनाड्यातलं काय असेल ते काढून ठेव. उद्या बंद होईल तो." मी मान हलवली. त्या संध्याकाळी मी दोनदा त्या दारासमोर जाऊन उभी राहिले. एकदा झाप इंचभर उघडलं. माक्याच्या तेलाचा वास आला, आणि मी झाप लावून टाकलं.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. मनातलं वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. मराठीत वळवेपर्यंत घरातलं बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. त्यामुळे घरात माझी उत्तरं एका शब्दाची असत. हो. नाही. झालं. खोटं बोलायला एक शब्द पुरतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

"कोनाडा खाली किया ना, बेटी?" मिस्त्रीने विचारलं. त्याने स्वतः दार उघडून बघितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण बायकांच्या वेणीफणीच्या जागेला तो हात लावणार नव्हता. एवढी रीत त्याच्याकडे होती. हातात फळी धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

"हो," मी म्हणाले.

भिंतीवर त्याने आधी पट्ट्या ठोकल्या. त्या लाकडी असाव्यात असं त्याचं म्हणणं होतं, पण बोर्डाचे तुकडे उरले होते आणि सगळं एकसारखं हवं असं दादाचं म्हणणं होतं; म्हणून पट्ट्याही बोर्डाच्याच झाल्या. मग त्यांच्यावर मोठ्या फळ्या आल्या, कोपऱ्यांत स्क्रू. कोनाड्यावरची फळी शेवटची. तिचा चौथा स्क्रू बसला तेव्हा खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली.

रात्री जेवताना आत्याने विचारलं, "पोरी, तुज्या आईची गुंतवळ कुटं टाकलीस?"

"तळ्यात."

"बरं केलंस. मेल्याल्या मानसाचं केस घरात ऱ्हाऊ ने. जीव गुतून पडतो त्येंचा."

बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. पण त्यांचा घास हातातच राहिला होता. तळ्यात नको होतं त्यांना. किंवा त्यांना आधी एकदा बघायचं होतं. यातलं काय खरं, ते मी कधी विचारलं नाही.

लग्न झालं. वहिनी अक्कलकोटची. घरात मराठी बोलणारी, पण दचकली, ठेच लागली की कानडी. हसरी होती. मला ती "वन्सं" म्हणायची आणि माझ्या एका शब्दाच्या उत्तरांना ती स्वतःच पुढचे दहा शब्द जोडून घ्यायची. "भूक नाही, म्हंजे वन्संला भाजी आवडली नाही, म्हंजे मीठ जास्त झालं, म्हंजे उद्या कमी घालते!" मी हसायची. आई गेल्यावर त्या घरात मी हसले ते तिच्यामुळे.

ती त्या खोलीत झोपायची आणि मला झोप लागत नसे. भिंत मला सारखी दिसायची. गुळगुळीत, चकचकीत, आणि बरोबर कोनाड्याच्या उंचीवर सागवानाच्या पापुद्र्यातली एक गाठ, डोळ्यासारखी.

चैत्रात सगळे एका बारशाला गेले. डोकं दुखतं म्हणून मी घरी राहिले. ठरवून राहिले. दादाच्या सायकलच्या पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि वहिनीचा पलंग थोडा सरकवून कोनाड्यावरच्या फळीचे स्क्रू काढायला लागले. गुंतवळ काढायची, आपल्या पेटीत ठेवायची, फळी परत लावायची. इतकं सोपं होतं ते.

खालचे दोन निघाले. वरचा एक निघाला. चौथ्यावर लोंबकळत फळी तिरकी झाली आणि मागे कोनाड्याचं दार दिसलं. मी हात घालून एक झाप ओढलं. आत काळोख होता आणि तेलाचा वास, जुना, कोमट, जणू कुणी आत्ताच डोकं विंचरून उठलं आहे. बोटांना काहीतरी मऊ लागलं.

मी हात मागे घेतला. आईला घाबरून मागे घेतला. हे वाक्य कागदावर लिहायला मला खूप वर्षं लागली.

झाप ढकललं, फळी सरळ केली, स्क्रू भोकात घालून फिरवायला लागले. तो फिरतच राहिला. घट्ट होईना. दुसराही तसाच. तिसराही. पिळाबरोबर बारीक भुसा बाहेर येऊन माझ्या मनगटावर पडत होता. काडेपेटीच्या काड्या मोडून भोकात कोंबल्या. लाकडी दाराची बिजागरी ढिली झाली की बाबा तसंच करत. इथे काड्यांनी भोक आणखी मोठं झालं. शेवटी स्क्रू नुसते टेकवून ठेवले, डोकी भिंतीला सपाट दिसतील असे. लांबून काही कळत नव्हतं. भुसा परकराच्या टोकाने पुसून घेतला, पलंग जागेवर नेला.

दोन दिवसांनी दुपारी वहिनी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "भिंतीतनं आवाज येतोय."

शेजारी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं घर होतं, चार यंत्रमाग. त्यांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळी थांबायची. आम्हाला ती इतकी सवयीची होती की पाहुणे "केवढा हा आवाज" म्हणाले की आम्ही "कसला?" म्हणून विचारायचो.

"माग चालल्यात की," आत्या म्हणाली.

"तो नव्हे, आत्याबाई. दुसरा. बारीक. नखानं खरवडल्यासारखा. मग टक करून थांबतो."

मला लगेच कळलं. मागांच्या हादऱ्याने सैल फळी पट्टीवर घासत होती. वीज गेली की माग थांबायचे आणि तो आवाजही थांबायचा. मी उंबऱ्यात बसून लक्ष ठेवलं होतं. मी स्वतःच तो आवाज भिंतीत घालून आले होते. इंग्रजीत मी मनात त्याचं कारण नीट मांडूनही ठेवलं, विज्ञानाच्या वहीत लिहावं तसं.

पण एका दुपारी वीज गेली होती. माग बंद, गल्ली बंद, उन्हाने सगळं गप्प झालेलं. मी वहिनीची धुतलेली लुगडी ठेवायला त्या खोलीत गेले. भिंतीत खरवडल्यासारखं झालं. मग टक. मग बऱ्याच वेळाने, मी दारापर्यंत पोचले तेव्हा, परत एकदा टक. उन्हाने बोर्ड ताणला जात असेल. तसंच असणार. त्यानंतर मी त्या खोलीत एकटी गेले नाही.

दादा दिवसभर कारखान्यात असायचा. तो यायचा तेव्हा माग थांबलेले असत आणि त्याला काही ऐकू येत नसे. "माहेरी घर उघड्यावर, मळ्यात. इथं गल्लीत राहायची सवय नाही तिला," तो म्हणायचा. आत्याला कमी ऐकू यायचं, पण ते ती मान्य करत नसे. राहिले बाबा, ते त्या खोलीत पाऊलच टाकत नसत.

वहिनीची झोप गेली. खोलीत दुपारी पडायची तिला भीती वाटायची, आणि आत्याला दिवसा स्वयंपाकघरात पसरलेली सून चालायची नाही. वैशाखातल्या एका दुपारी थकून तिला त्या खोलीतच डोळा लागला. आम्ही बाहेर शेवया मोडत होतो. आतून तिचा आवाज आला. "बंदे. अव्वा, बंदे."

बंदे म्हणजे आले. आई, आले.

आत्याच्या हातातून शेवया खाली पडल्या. माझी आई सीमेकडच्या गावातली. आजारात तिची मराठी मागे पडत गेली आणि कानडीच उरली. शेवटच्या आठवड्यात कुणी बोलावत नसताना ती मधल्या खोलीतल्या पलंगावरून दिवसभर उत्तर द्यायची. बंदे. बंदे.

"ऐकलंस?" आत्या कुजबुजली. "तिचाच आवाज. तसाच हेल."

हेल तसाच असणार होता. दोघींची भाषा एक, आणि वहिनी स्वप्नात तिच्या आईला ओ देत होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी खाली वाकून सांडलेल्या शेवया गोळा करायला लागले.

त्या दिवसापासून घर बदललं. आत्या वहिनीच्या हातचं पाणी पिईना. लिंबं आली, अंगारे आले. शेजारच्या बायका येऊन दारातूनच बघून जायच्या. एकीने मला बाहेर गाठून विचारलं, "ती तुज्या आईसारखी चालती म्हनं, खरं का?" आत्या एकदा माझ्यावरच घसरली, "तू इंग्रजीत इचार की तिला काहीतरी. तुज्या आईला इंग्रजी येत न्हवतं. उत्तर दिलं न्हाई तर समजू तीच हाय!" एरवी मला यावर हसू आलं असतं.

वहिनी मला एकटी भेटली ती आडाजवळ. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हातातली बादली तिने खाली ठेवली.

"वन्सं, खरं सांगा. तुम्हाला येतो का आवाज? कुणाला सांगणार नाही मी. मला फक्त कळायला पाहिजे, मी वेडी झालेय का."

मला सांगायचं होतं. वाक्य तयारही होतं. पण ते वाक्य उच्चारलं की त्याच्या मागोमाग स्क्रू येणार होते, आणि स्क्रूंच्या मागोमाग तळं, आणि तळ्याच्या मागे बाबांच्या हातातला तो घास.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. पुढचे दहा शब्द त्या दिवशी तिने जोडले नाहीत. बादली उचलून गेली.

ज्येष्ठ लागता लागता बाबांनी अक्कलकोटला पत्र टाकलं. काही दिवस माहेरी राहू दे, हवापालट होईल. आत्याने बोलता बोलता मला सांगून टाकलं होतं की दादाला दुसरं स्थळ बघायला हरकत नाही, वर्षभर थांबून. दादा तिथेच बूट पुसत बसला होता. त्याने ऐकलं. दुसरा बूट पुसायला घेतला.

वहिनीचे वडील सकाळच्या एसटीने आले. वाळलेला, उंच माणूस, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. ते बाहेरच्या खोलीत बसले. पाणी दिलं ते त्यांनी प्यायलं नाही, बाजूला ठेवलं. वहिनीची ट्रंक दारात तयार होती आणि ती ट्रंकेशेजारी उभी होती, पाहुणी असल्यासारखी. शेजारी माग चालू होते.

"घिऊन जावा आन् बरी करून आना," आत्या म्हणाली.

"बरी करून म्हंजे? आजारी कुटं हाय ती?"

"तिला भिंतीतनं आवाज येत्यात. झोपंत बोलती."

"झोपंत मी बी बोलतो. माज्या बायकोला इचारा." ते हसले नाहीत. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. "व्याही, एकच इचारतो. आवाज येतो म्हनती पोरगी. लहानपनापासनं ती खोटं बोलल्याली मला ठावं न्हाई. ह्या घरात तो आवाज दुसऱ्या कुनालाच येत न्हाई?"

"मी त्या खोलीत जात नाही," बाबा म्हणाले.

"जावईबापू?"

"नाही," दादा म्हणाला. तो फरशीकडे बघत होता.

"मला तर मुळीच न्हाई," आत्या म्हणाली.

त्यांची नजर माझ्यावर आली. मी आतल्या दारात, नेहमीसारखी अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होते.

"तिला काय इचारताय," आत्या म्हणाली. "ती बोलतीय व्हय कदी."

वहिनीचे वडील उठले आणि त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी कडी धरायला वहिनी वाकली. वाकताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. आडाजवळ तिने विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं; तिच्या बाजूने ते संपलं होतं. भिंतीमागे, मधल्या खोलीत, बारीक खरवडल्यासारखं झालं. मग टक.

मनात या वेळी इंग्रजी वाक्य आलंच नाही.

"मला येतो," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही, इतका मोठा होता. "वहिनी, मला येतो आवाज. पहिल्यापासून. फळीचे स्क्रू मी काढले होते, ते परत बसले नाहीत. बाबा, आईची गुंतवळ मी तळ्यात सोडली नाही. ती तिथंच आहे, कोनाड्यात. मी तो रिकामा केलाच नव्हता."